लाडाचे नाव दप्तरात येऊ द्या

मुळशी तालुक्याला आज दोन टोके आहेत. ताम्हिणीच्या बाजूला धरणाच्या पाण्याभोवती विखुरलेल्या वाड्या आणि भातखाचरे. पूर्वेला हिंजवडी-माणच्या माळावर माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली गृहसंकुले. एकाच तालुक्याच्या या दोन टोकांतील अंतर रस्त्याने फार नाही. बारशाच्या पाळण्याजवळ उभे राहून पाहिले, तर मात्र ते कित्येक पिढ्यांचे भरते. एकीकडे ठकूबाई, चिमाबाई, गोदूबाई, धुरपाबाई, हौसाबाई, तान्हूबाई ही नावे धारण करणारी पिढी एकेक करून मावळत आहे. दुसरीकडे कियारा, शनाया, मायरा अशा नावांची लाट संकुलांतून निघून वाड्यांपर्यंत पोहोचली आहे. नात कियारा आणि पणजी गोदू एकाच ओसरीवर बसलेल्या असतात आणि एकीला दुसरीचे नाव धड उच्चारता येत नाही.

या लाटेच्या विरुद्ध दिशेने जाणारी काही कुटुंबेही अलीकडे दिसू लागली आहेत. मुलगी झाली, की पणजीला घरात ज्या नावाने हाक मारीत तेच नाव हौसेने ठेवायचे, आणि तेही केवळ घरात हाक मारण्यापुरते न ठेवता जन्माच्या दाखल्यावर लिहायचे, असा त्यांचा आग्रह असतो. गोदू, जिजा, मनू, चिमा, यमू अशी ही नावे. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया बहुधा हसण्याची असते. ‘हे काय नाव झाले?’, ‘घरात म्हणा, पण दाखल्यावर चांगले नाव घाला’, ‘पोर मोठी झाल्यावर तुम्हालाच बोल लावील’ असे सल्ले मिळतात. सल्ला देणाऱ्यांत कियारा-शनायावाले तर असतातच; पण ज्यांच्या तोंडी संस्कृती हा शब्द सतत असतो, तेही असतात. म्हणूनच या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

लाडाचे जुने नाव मुलीचे अधिकृत नाव होण्यास सर्वथा पात्र आहे. किंबहुना ज्या समाजाने लेकीचे स्वागत करताना वारंवार हात आखडता घेतला, त्या समाजाने ते नाव दप्तरात आणणे हे एक प्रकारचे ऋण फेडणे आहे.

टोपणनावाचे कुळ

टोपणनाव म्हणजे आळसाने किंवा अडाणीपणाने मोडलेले नाव, असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. मराठी घरातील टोपणनावाच्या मुळाशी पुष्कळदा मर्यादा आहे. नातवाला आजोबांचे आणि नातीला आजीचे नाव ठेवण्याची रीत घरोघर होती; आणि सुनेने सासू-सासऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही, हा दंडकही त्याच घरात होता. मग पोटच्या मुलाला त्याच्या आईने हाक तरी कशी मारावी? या पेचातून बाळ, नाना, अप्पा, माई, ताई, बाबी, चिमणी अशा हाका जन्माला आल्या आणि घरभर रुजल्या. म्हणजे पाळण्यातले नाव वाडवडिलांच्या स्मरणासाठी आणि ओठांवरचे नाव त्यांच्या आदरासाठी, अशी ही वाटणी होती. जे नाव आदरातून जन्मले, त्याला हीन कसे म्हणावे?

दुसरे मूळ भाषेत आहे. संस्कृतातली नावे मराठी मातीत आली आणि या मातीचे वळण त्यांना लागले. गोदावरीची गोदू झाली, भागीरथीची भागू झाली, पार्वतीची पारू, यमुनेची यमू आणि द्रौपदीची धुरपा झाली. नदीकाठचा दगड प्रवाहाने गुळगुळीत व्हावा, तशी ही नावे शतकानुशतकांच्या उच्चाराने घासली गेली आहेत. हा ऱ्हास मानायचा असेल, तर रुक्मिणीची रखुमाई झाली हाही ऱ्हासच मानावा लागेल, आणि विठ्ठलाचे विठू, विठोबा झाले याबद्दल वारकऱ्यांना दोष द्यावा लागेल. पंढरीच्या वाटेवर ज्ञानेश्वरांचे ‘ज्ञानबा’ होतात, तेव्हा कोणाला त्यात अप्रतिष्ठा वाटत नाही. अभंगाच्या शेवटी तुकाराम ‘तुका’ होतो, नामदेव ‘नामा’ होतो आणि जनाबाई ‘जनी’ होते. या महाराष्ट्रात देव आणि संत यांच्याशी बोलण्याची भाषाच लाडाच्या नावांची आहे. तीच भाषा लेकीसाठी वापरली की ती गावंढळ कशी ठरते, याचे उत्तर नाक मुरडणाऱ्यांनी द्यावे.

लोकांच्या तोंडी बसलेले नाव कागदावरच्या नावावर मात करते, याचे उदाहरण खुद्द मुळशीच्या इतिहासात आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथील शेतकरी उभा राहिला. या सत्याग्रहात मावळातल्या स्त्रियाही उतरल्या. त्याचे नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले, ते या लढ्यातून. ते त्यांना कोणा सरकारने दिले नव्हते आणि कोणत्याही दाखल्यावर ते नव्हते. तरीही पुण्यात आणि मुंबईत जे रस्ते त्यांच्या स्मरणार्थ आहेत, त्यांवर ‘सेनापती बापट’ हेच नाव आहे. पांडुरंग महादेव कोण, असे विचारले तर दहांतले नऊ जण थबकतील. धरण झाले, गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, लोक विखुरले. आणि त्या लढ्यात उभ्या राहिलेल्या बहुसंख्य बायकांची नावे तर कोणत्याही फलकावर आली नाहीत. ती नावे उरली असतील तर नातवंडांच्या स्मरणात. त्या स्मरणाला कागद मिळवून देण्याचे साधन आज कोणाच्या हाती असेल, तर ते पाळण्यापाशी उभ्या असलेल्या आईबापांच्या.

बाळ चालतो, मग गोदू का चालत नाही?

सर्वांत वारंवार येणारा आक्षेप असा, की लाडाचे नाव बालिश असते. मुलगी उद्या न्यायाधीश झाली, जिल्हाधिकारी झाली, तर दारावरच्या पाटीवर ‘गोदू’ कसे शोभेल? हा आक्षेप घेणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. ते त्यांच्या पणजोबांचे नाव होते. घरातली हाक मात्र ‘बाळ’. हीच घरातली हाक पुढे ‘केसरी’च्या संपादकाचे नाव म्हणून देशभर गेली, राजद्रोहाच्या खटल्यांत उच्चारली गेली आणि १९०८ साली मंडालेच्या तुरुंगात पोहोचली. ‘बाळ’ या शब्दाहून अधिक बालिश शब्द मराठीत दुसरा कोणता असेल? तरी साम्राज्याला त्या नावाचा धाक वाटला. मुरलीधर देवीदास आमटे यांना आईवडील लाडाने ‘बाबा’ म्हणत. आनंदवनाचे सारे काम त्याच नावाने उभे राहिले. पेशवाईच्या उत्तरकाळातला सर्वांत चतुर कारभारी बाळाजी जनार्दन भानू. इतिहास त्याला ‘नाना’ म्हणून ओळखतो.

पुरुषांच्या बाबतीत टोपणनाव मोठेपणाच्या आड येत नाही. बाळ, बाबा, नाना, तात्या, भाऊ, अण्णा ही सारी घरातली नावे पुतळ्यांखाली कोरलेली आहेत. मुलीचे टोपणनाव मात्र अंगणाबाहेर पडले, की ते शोभत नाही. याला नावाचा दोष म्हणता येणार नाही. पुरुषाचे घर आणि बाहेर हे एकच जग, आणि स्त्रीचे घरातले अस्तित्व मात्र बाहेर दाखवण्याजोगे नाही, ही जी एक मुरलेली समजूत आहे, तिचा हा दोष आहे.

ज्या थोड्या स्त्रियांनी ही समजूत ओलांडली, त्यांची उदाहरणे दीपस्तंभासारखी आहेत. महर्षी कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाई नातू या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर नाव झाले आनंदीबाई. पण लोकांच्या तोंडी त्या ‘बाया’ म्हणूनच राहिल्या. आज हिंगण्याच्या संस्थेकडून कर्तबगार महिलेला दिल्या जाणाऱ्या सन्मानाचे नाव ‘बाया कर्वे पुरस्कार’ असे आहे. दोन अक्षरांचे, निव्वळ घरगुती नाव. आणि ते लाभलेला सन्मान मिरवण्यासारखा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ दिवंगत पत्नीच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा अर्पणपत्रिकेवर त्यांनी ‘रामू’ असे छापले. राजकारणावरच्या त्या कठोर, तर्ककर्कश ग्रंथाच्या पहिल्या पानावर लाडाचे नाव घालताना त्या विद्वानाला संकोच वाटला नाही. मग दाखल्याचा अर्ज भरताना इतरांनी संकोच का करावा?

लेकीचे कोणते नाव तिचे राहिले?

या विषयाची खरी मेख मात्र पुढेच आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा होती. काही घरांत ती अजूनही आहे. तांदळाच्या ताटात नवरदेव अंगठीने नवे नाव लिहितो आणि बारा-पंधरा किंवा वीस वर्षे जे नाव मुलीने वागवले, ते एका क्षणात माहेरच्या उंबऱ्यापाशी राहते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरी यमुना होत्या. भारतातून वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेलेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुनाच होत्या. एकाच पिढीतल्या दोन थोर स्त्रिया, दोघींचे माहेरचे नाव एकच, आणि दोघींचेही ते नाव इतिहासाच्या पानावर केवळ कंसातल्या नोंदीपुरते उरले. झाशीच्या राणीचे मूळ नाव मणिकर्णिका होते, हे शाळेत शिकवावे लागते. मात्र ‘मनू’ म्हटले, की बिठूरच्या अंगणात घोड्यावर मांड ठोकणारी मुलगी न शिकवता डोळ्यांसमोर उभी राहते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. कुलाचे नाव बापाचे, लग्नानंतरचे आडनाव नवऱ्याचे, लग्नात मिळालेले नाव सासरचे आणि पाळण्यातले नाव पुष्कळदा पत्रिकेतल्या अक्षराचे. या साऱ्यांत मुलीचे स्वतःचे असे एकच नाव उरे. आजीने, आत्याने, भावंडांनी प्रेमाने मारलेली हाक हेच ते नाव. ती हाक कोणी लिहून ठेवली नाही, म्हणून कोणी ती पुसूही शकले नाही. माहेरपणाला आलेल्या साठ वर्षांच्या बाईला थोरल्या भावाने ‘यमे’ अशी हाक मारली, की तिच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याची किंमत कोणत्याही संस्कृतप्रचुर नामावलीत नाही.

म्हणूनच पणजीचे लाडाचे नाव पणतीच्या दाखल्यावर लिहिणे ही गतकाळाची नक्कल ठरत नाही. जे प्रेम आजवर केवळ घरात आणि केवळ तोंडी होते, त्याची जाहीर आणि लेखी नोंद त्यातून होते. मुलगी लाडकी आहे ही बाब सरकारी नोंदवहीत घालण्याइतकी महत्त्वाची आहे, असे त्या आईबापांना म्हणायचे असते. हे म्हणण्याची आज किती गरज आहे, ते आकडे सांगतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती; २००१ साली ती ९१३ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. जिजाऊंच्या नावाने ऊर भरून येणाऱ्या राज्यातले हे आकडे आहेत.

‘नकुशी’चा हिशेब

येथे एक प्रतिप्रश्न हमखास येतो, आणि तो गैर नाही. जुनी नावे म्हणजे सारी लाडाचीच होती काय? मुलीला ‘नकुशी’ म्हणणारा समाज हाच ना?

होय, हाच. त्यावर पांघरूण घालण्यात शहाणपण नाही. मुलामागे मुली होत गेल्या, की ‘आता पुरे’ या अर्थाने नकुशी, नकोसा अशी नावे ठेवण्याची रूढी होती. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी नटीचे. त्या मुलींनी आयुष्यात प्रथमच स्वतःचे नाव स्वतः निवडले. अनाथांची माय म्हणून कीर्ती पावलेल्या आणि २०२१ साली पद्मश्रीने गौरवल्या गेलेल्या सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी घरात ‘चिंधी’ म्हणत. नको असलेली मुलगी, म्हणून फाटक्या कापडाच्या तुकड्याचे नाव. सिंधुताईंनी ते नाव टाकले आणि शेकडो टाकलेल्या मुलांना उराशी धरले. घराने चिंधी म्हटलेल्या मुलीकडून समाजाला वस्त्र मिळाले, यात त्या बाईचा मोठेपणा आहे. नाव ठेवणाऱ्यांचा नाही.

तेव्हा जुने ते सारे सोने, असा येथे दावा नाही. जुन्या नावांची निवड करावी लागेल, आणि तिची कसोटी सोपी आहे. ज्या क्षणी ते नाव प्रथम उच्चारले गेले, त्या क्षणी उच्चारणाऱ्याच्या मनात काय होते? हौसा, आवडा, तान्हू, चिमा, गोदू यांच्या मुळाशी कौतुक आहे. नकुशी आणि चिंधी यांच्या मुळाशी तिटकारा आहे. धोंडी, दगडी यांचे प्रकरण त्याहून निराळे. आधीची मुले दगावलेल्या आईने दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेले ते नाव. त्यामागची माया खरी, पण त्यातले भय आजच्या मुलीच्या गळ्यात बांधण्याचे कारण नाही. मायेची नावे उचलावीत, भयाची नावे आदराने मिटवून ठेवावीत आणि तिरस्काराची नावे पुन्हा उच्चारूही नयेत.

मात्र नकुशीकडे बोट दाखवून गोदूला बाद ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की नकुशीवरचा उतारा कियारा हा नाही. नकुशीचे दुःख परके नाव नसल्यामुळे नव्हते. लाडाचे नाव नसल्यामुळे होते. जिला कोणी लाडाने हाक मारली नाही, तिच्या जखमेवर औषध लाडाच्या हाकेचेच हवे.

शास्त्राधार आणि शनाया

दुसरा आक्षेप धर्मनिष्ठ मंडळींकडून येतो. नामकरण हा संस्कार आहे. त्यात टोपणनावाला स्थान कसे? संस्काराचे स्वरूप ज्यांना ठाऊक आहे, ते असा प्रश्न विचारणार नाहीत. नामकरणात कुलदेवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली जातात. पहिली तीन परंपरेने व पंचांगाने ठरतात; चौथे व्यवहारासाठी असते आणि ते घराने निवडायचे असते. म्हणजे मुभा शास्त्रानेच दिलेली आहे. मनुस्मृतीत मुलीच्या नावाविषयी जी अपेक्षा व्यक्त झाली आहे, ती अशी: उच्चाराला सोपे, कठोर नसलेले, अर्थ स्पष्ट असलेले, मनाला रुचणारे, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले. या कसोटीवर गोदू, यमू, जिजाऊ, रखमा ही नावे लावून पाहावीत. उच्चाराला सोपी आहेत, शेवटी दीर्घ स्वर आहे, आणि एकीच्या मागे गोदावरी, दुसरीच्या मागे यमुना, तिसरीच्या मागे स्वराज्याची माता आणि चौथीच्या मागे रुक्मिणी उभी आहे.

याच कसोटीवर शनाया लावून पाहावी. हे नाव घरोघर पोहोचले ते २०१२ सालच्या एका हिंदी चित्रपटातील नायिकेमुळे. आणि २०१६ साली सुरू झालेल्या एका मराठी मालिकेत तेच नाव दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्या पात्राला दिले गेले. चित्रपट उतरला, मालिका संपली. नाव मुलीला जन्मभर पुरायचे आहे. कियाराचा अर्थ नावांच्या यादीत खुशाल ‘संस्कृत’ म्हणून छापला जातो. संस्कृतच्या कोशात तो शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ही नावे धारण करणाऱ्या लहानग्या मुलींचा यात काडीचाही दोष नाही आणि त्यांना कोणी हसू नये. प्रश्न त्यांच्या वडीलधाऱ्यांना आहे. ज्या नावाचा अर्थ सांगता येत नाही, ज्याला घरातला कोणताही पूर्वज ओळखणार नाही, ते नाव केवळ कानाला नवे लागते म्हणून निवडले, तर मुलीला आईबापांनी वारसा म्हणून नेमके काय दिले?

स्वभाषेतल्या लाडाच्या नावांची लाज वाटणाऱ्यांपैकी अनेकांची नजर विलायतेकडे असते. त्यांच्या माहितीसाठी सांगावयास हवे, की खुद्द इंग्लंडात एल्सी, एव्ही, मिली अशी पणजीच्या काळातली टोपणनावे आता मुलींची अधिकृत नावे म्हणून मोठ्या संख्येने नोंदली जातात. एल्सी हे मुळात एलिझाबेथचे घरगुती रूप, जशी गोदावरीची गोदू. २०२१ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या राजघराण्यातील हॅरी आणि मेगन या दांपत्याने मुलीचे नाव ‘लिलिबेट’ ठेवले. राणी एलिझाबेथला बालपणी स्वतःचे नाव नीट उच्चारता येत नसे. त्या बोबड्या उच्चारातून हे नाव झाले आणि घरातली अगदी जवळची माणसेच ते वापरीत. त्या नावावरून तिकडे वाद झाला. पण तो नाव बालिश आहे म्हणून झाला नाही. इतक्या जिव्हाळ्याचे नाव घेण्यापूर्वी वृद्ध राणीची संमती पुरेशी घेतली होती काय, यावरून झाला. म्हणजे ज्यांच्या अनुकरणासाठी येथे धडपड चालते, त्यांच्याकडे आजीच्या टोपणनावाला एवढे मोल आहे.

त्या वादातून घेण्याजोगा एक धडा मात्र आहे. लाडाच्या नावाला धनी असतो. आजी-पणजी हयात असेल, तर तिला विचारावे. तिच्या नावाची गोष्ट तिच्या तोंडून ऐकावी. कोणी ठेवले, का ठेवले, त्या नावाने शेवटची हाक कोणी मारली, हे टिपून ठेवावे. हे न करता केवळ जुने ते हल्ली चालते म्हणून, दिवाणखान्यात पितळी बंब मांडावा तसे जुने नाव मुलीवर मांडायचे असेल, तर ती देखील एक फॅशनच. शनाया आणि असे ‘गोदू’ यांत मग फारसा फरक उरणार नाही.

नोंदवहीतली जागा

हा विषय केवळ भावनेचा आहे, असेही कोणी समजू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलासाठी जन्मदाखला हा जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मूळ पुरावा ठरला आहे. शाळाप्रवेशापासून पुढचे बहुतेक कागद याच दाखल्यावरून निघणार. नाव घालण्याची घाई मात्र कायद्याने केलेली नाही. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. हा अवधी यादीतले नाव उचलण्यात घालवण्याऐवजी घरातल्या वृद्धांपाशी बसण्यात घालवावा.

शिवाय १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर महाराष्ट्रात मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. आईचे नाव दाखल्यावर आले, हे योग्यच झाले. त्यापुढचे पाऊल पणजीच्या नावाचे आहे. पणजीचे लाडाचे नाव मुलीचे, त्यापाठोपाठ आईचे, अशी ओळ लिहिली गेली, तर घराण्याच्या स्त्रियांची साखळी प्रथमच एका ओळीत उभी राहील. आजवर वंशावळीत पुरुषांची नावे आली आणि बायकांच्या जागी रेघा आल्या. त्या रेघांवर आता नावे यावयास हवीत. चार नावांच्या या लांब ओळीत दोन अक्षरांचे नाव सोयीचेही पडेल, हा व्यवहारी लाभ वेगळाच.

ज्यांना पूर्ण नाव ठेवावयाचे आहे, त्यांनी दाखल्यावर गोदावरी लिहावे आणि घरात गोदू म्हणावे. त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते गोदू हलके म्हणून टाकणाऱ्यांशी आणि गोदावरी जुने म्हणून टाकणाऱ्यांशी. शाळेत मुले चिडवतील ही भीती घालणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की मुले कोणत्याही नावाला चिडवतात. आपल्या नावाची गोष्ट ज्या मुलीला ठाऊक असते, ती मात्र चिडत नाही. आणि एवढे करूनही मोठी झाल्यावर तिला ते नाव नकोसे वाटले, तर राजपत्रात जाहीर करून बदलण्याचा मार्ग तिला खुला आहेच. सासरच्या ताटातल्या तांदळांपेक्षा तो मार्ग कितीतरी न्याय्य. कारण तेथे निवड तिची असेल.

मुळशीच्या पाण्याखाली शेते गेली, देवळे गेली, घरांची जोती गेली. ती परत आणणे आता कोणाच्याही हाती नाही. पण त्या जोत्यांवर बसून भात पाखडणाऱ्या बायका एकमेकींना ज्या नावांनी हाका मारीत, ती नावे अजून बुडालेली नाहीत. ती पौडच्या, कोळवणच्या, घोटवड्याच्या ओसऱ्यांवर आहेत, नव्वदीच्या घरातल्या काही थोड्या स्त्रियांपाशी आहेत. त्या गेल्या, की कोणत्याही कोशातून ती परत काढता येणार नाहीत. पुढच्या बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्र’ करील, तेव्हा तिने त्यांतले एखादे नाव उच्चारावे. आणि दुसऱ्या दिवशी बापाने ग्रामपंचायतीत जाऊन तेच नाव, एकही अक्षर न बदलता, दाखल्यावर लिहून आणावे.